संगणकाला डिस्क दिसेनाशी होते तेव्हा

सुटे भाग विकत आणून घरी जुळवलेल्या संगणकाचे बिघाड अनेक प्रकारचे असतात. त्यांतील बहुतेक त्रासदायक असले तरी भयावह नसतात. पंखा आवाज करू लागला तर तो बदलता येतो, पडदा काळा राहिला तर दुसरा लावून पाहता येतो. परंतु यंत्र व्यवस्थित सुरू होते आणि ज्या डिस्कमध्ये कित्येक वर्षांची कागदपत्रे, टिपणे व छायाचित्रे साठवलेली असतात तीच यादीतून नाहीशी झालेली आढळते, तेव्हा वापरणाऱ्याचे धैर्य सुटते. अशा वेळी घाईने केलेली कृती मूळ बिघाडापेक्षा अधिक हानी करते. डिस्कवरील माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. ती नष्ट होते ती दुरुस्तीच्या नावाखाली चुकीच्या जागी दाबलेल्या एका कळीमुळे. म्हणून या बिघाडाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे संगणकाच्या विद्यार्थ्याने व सामान्य वापरकर्त्यानेही समजून घेणे आवश्यक आहे.

विषय समजावून घेण्यासाठी कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम या उपनगरातील एका घराची कल्पना करू. डमडम ते बेलगाछिया हा मेट्रोचा टप्पा १२ नोव्हेंबर १९८४ रोजी सुरू झाला. त्याच मार्गावर पुढे चांदनी चौक हे स्थानक लागते आणि तेथील बाजार विजेच्या व संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला लॅमिंग्टन रोड जसा परिचित, तसाच कोलकात्याच्या विद्यार्थ्याला चांदनी चौक. आपल्या उदाहरणातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तेथून मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस आणि कॅबिनेट आणून संगणक जुळवला आहे. त्यात जुन्या यंत्रातील साडेतीन इंची हार्ड डिस्क बसवली आहे. वडिलांच्या छोट्या व्यवसायाचे हिशेब आणि त्याची स्वतःची स्पर्धा परीक्षेची टिपणे त्या डिस्कवर आहेत. दुसरी प्रत कोठेही नाही. ऑगस्ट महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, त्याने यंत्राचा वेग वाढवण्यासाठी एम.२ प्रकारची नवी एसएसडी बसवली. संगणक सुरू झाला, नवी एसएसडी दिसली, जुनी डिस्क मात्र दिसेना. दुकानदाराने दूरध्वनीवरच निदान केले : "डिस्क गेली, नवी घ्या."

हे निदान बरोबर असेलही. परंतु ते कोणत्याही पुराव्यावर आधारलेले नव्हते.

डमडमची तबकडी आणि बारानगरचा ढोल

साठवणुकीच्या तंत्राचा विचार करताना डमडमचे नाव योगायोगाने येत नाही. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना काढला व १९२८ मध्ये तो डमडमला हलवला. भारतातील अनेक भाषांची गाणी, त्यांत मराठी नाट्यगीतेही आली, येथे लाखेच्या तबकड्यांवर उमटवली जात. तबकडीवरील खाचेत सुई टेकवली की आवाज येतो. सुई कोठेही टेकवा, तेथून पुढचे गाणे ऐकू येते. तबकडीला स्वतःची ओळख सांगावी लागत नाही.

डमडमच्या पश्चिमेला लागूनच बारानगर आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे मुख्य आवार तेथे, बराकपूर ट्रंक रोडवर आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्याशी महालनोबिस यांचे नाव जोडलेले आहे, हे परीक्षार्थींना ठाऊकच असते. त्याच संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ मध्ये समीकरणे सोडवणारा एक लहान अॅनालॉग संगणक तयार केला आणि १९५५-५६ मध्ये इंग्लंडहून आलेला 'एचईसी-२एम' हा भारतातील पहिला डिजिटल संगणक तेथेच उभा राहिला. त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर होती. पुढे संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने 'इसिजू-१' हा संगणक देशातच घडवला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' हा संगणक त्यापूर्वीच, १९६० मध्ये, पूर्ण केला होता. सुटे भाग जुळवून संगणक उभा करण्याची भारतीय परंपरा चांदनी चौकाच्या बाजारापेक्षा बरीच जुनी आहे.

ढोल आणि तबकडी यांतील फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ढोलावरील प्रत्येक माहितीला पत्ता असतो. पत्त्याशिवाय ती सापडत नाही. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची होती. तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व तेच राहिले : फिरणारी चुंबकीय चकती, तिच्यावर तरंगणारे वाचक शीर्ष आणि प्रत्येक तुकड्याला पत्ता. आता मात्र डिस्कमध्येच एक छोटा संगणक असतो. वीज मिळाली की तो जागा होतो, मोटर फिरवतो, चकतीच्या राखीव भागातून स्वतःचाच काही कार्यक्रम वाचतो आणि मदरबोर्डने विचारल्यावर आपले नाव, क्रमांक व क्षमता सांगतो. 'डिस्क दिसली' याचा अर्थ हा संवाद पूर्ण झाला, एवढाच. 'डिस्क दिसत नाही' याचा अर्थ तो कोठेतरी तुटला. कोठे तुटला हे ठरवणे म्हणजेच बिघाडाचा शोध.

'दिसत नाही' हे तीन प्रकारचे असते

वापरकर्ता एकच वाक्य उच्चारतो, परंतु त्यामागे तीन वेगवेगळ्या अवस्था असू शकतात.

पहिल्या अवस्थेत डिस्क बायोसमध्येच दिसत नाही. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून जो पडदा उघडतो त्यात जोडलेल्या डिस्कची यादी असते. तेथे नाव नसेल तर विंडोजला किंवा लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या अद्याप चित्रात आलेल्याच नसतात. दोष विजेत, केबलीत, पोर्टात, बायोसच्या एखाद्या मांडणीत किंवा प्रत्यक्ष डिस्कमध्ये आहे.

दुसऱ्या अवस्थेत बायोसला डिस्क दिसते, परंतु विंडोजला किंवा विंडोज बसवणाऱ्या कार्यक्रमाला दिसत नाही. येथे यंत्रभाग बहुधा ठीक असून मधला दुवा, म्हणजे ड्रायव्हर, कमी पडतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत 'व्हीएमडी' नावाची व्यवस्था सुरू असेल तर विंडोज बसवताना एनव्हीएमई डिस्क यादीत येत नाही. योग्य ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून पुरवला की ती लगेच प्रकटते.

तिसऱ्या अवस्थेत विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' या साधनात डिस्क दिसते, पण 'धिस पीसी' मध्ये तिचे अक्षर दिसत नाही. कधी अक्षर दिलेलेच नसते, कधी डिस्क 'ऑफलाइन' असते, कधी विभागांचा तक्ता बिघडलेला असतो, तर कधी त्या डिस्कवर लिनक्सची फाइल-रचना असल्याने विंडोजला ती वाचता येत नाही.

तिन्हींत सर्वाधिक धोका तिसऱ्या अवस्थेत आहे. पहिल्या दोन अवस्थांत वापरकर्ता काही करूच शकत नाही, म्हणून माहिती सुरक्षित राहते. तिसऱ्या अवस्थेत विंडोज स्वतःहून विचारते : डिस्क वापरण्यापूर्वी ती 'इनिशियलाइज' करायची का, किंवा 'फॉरमॅट' करायची का. नव्या कोऱ्या डिस्कसाठी हा प्रश्न योग्य आणि उत्तर 'होय' असते. जिच्यावर माहिती आहे अशा डिस्कसाठी तेच उत्तर घातक ठरते. 'इनिशियलाइज' केल्याने विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो. 'फॉरमॅट' केल्याने त्यावर रिकामी अनुक्रमणिका बसते. हा प्रश्न दिसताच 'नाही' म्हणून थांबावे. संगणकाच्या अभ्यासक्रमांत फॉरमॅट कसे करावे हे शिकवले जाते; केव्हा करू नये हे क्वचितच शिकवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने बायोस उघडून पाहिले. नवी एसएसडी यादीत होती. जुनी डिस्क नव्हती. म्हणजे ही पहिली अवस्था. एवढ्याने निम्मे क्षेत्र बाद झाले.

कान, वीज आणि केबल

यानंतरची पायरी ऐकण्याची. साडेतीन इंची हार्ड डिस्कला वीज मिळाली की मोटर वेग घेत असल्याचा मंद घरघराट येतो आणि हात हलकेच टेकवला तर कंप जाणवतो. तसे होत असेल तर वीज पोचते आहे. अजिबात हालचाल नसेल तर प्रथम वीजजोडणी तपासावी. ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येत असेल तर वाचक शीर्षाला आपली जागा सापडत नाही असे समजावे आणि संगणक ताबडतोब बंद करावा. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे चकतीवर ओरखडे पाडणे. माहिती महत्त्वाची असेल तर पुढचे काम घरी करण्याचे नाही.

डिस्क उघडून पाहण्याचा मोहही टाळला पाहिजे. शीर्ष आणि चकती यांतील अंतर काही नॅनोमीटर एवढेच असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. धुळीचा साधा कण या फटीपुढे डोंगरासारखा ठरतो. बिघडलेली डिस्क शीतकपाटात ठेवून पाहण्याचा एक उपाय सांगितला जातो. डमडमसारख्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर पाणी साचते, एवढे सांगितले तरी पुरे.

साटा पद्धतीत दोन स्वतंत्र केबली असतात : १५ संपर्कांची विजेची आणि ७ संपर्कांची माहितीची. साडेतीन इंची डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्ट व इलेक्ट्रॉनिक भागासाठी ५ व्होल्ट लागतात. अडीच इंची डिस्कचे काम बहुधा ५ व्होल्टवर भागते. यामुळेच यूएसबी जोडणीवर लहान डिस्क चालते आणि मोठी चालत नाही, तिला वेगळा अॅडॅप्टर द्यावा लागतो. एखाद्याने दुसऱ्या संगणकावर तपासणी करताना ही गोष्ट विसरून चांगली डिस्क 'मृत' ठरवण्याचे प्रकार होतात.

वीजजोडणीबाबत घरी संगणक जुळवणाऱ्यांनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या करता येतात, त्यांच्या बाबतीत एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नये. डिस्ककडील टोक सारखेच असते, परंतु एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांचा क्रम ठरलेला नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर डिस्क क्षणात जळते. दुसरी गोष्ट अगदी उलट स्वरूपाची आहे. काही नव्या डिस्कमध्ये तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले तर बंद राहण्याची सोय असते. जुना एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतच असतो. परिणामी डिस्क निर्दोष, एसएमपीएस निर्दोष, तरी डिस्क फिरत नाही. मोठ्या माहिती-केंद्रांच्या सोयीसाठी केलेली सुधारणा घरगुती वापरकर्त्याच्या वाट्याला बिघाड म्हणून येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

माहितीच्या केबलीची परीक्षा सोपी : तीच केबल काढून घट्ट बसवावी, मग चालू असलेल्या दुसऱ्या डिस्कची केबल लावून पाहावी. २००३ पूर्वीच्या, चपट्या रुंद पट्टीच्या केबलींच्या काळात एका पट्टीवर दोन डिस्क असत आणि कोण 'मास्टर', कोण 'स्लेव्ह' हे जंपर नावाच्या छोट्या टोपणाने ठरवावे लागे. दोघींना 'मास्टर' केले की एकही दिसत नसे. साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र वाट मिळाली आणि हा घोळ संपला. त्याची जागा पुढे वेगळ्या घोळाने घेतली, तो लवकरच येईल.

दमट हवेत संपर्कबिंदूंवर मळ चढण्याची शक्यता असते, म्हणून पावसाळ्यात जोडण्या काढून पुन्हा बसवणे कधीकधी उपयोगी पडते. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील कोरड्या हवेत उलट काळजी घ्यावी लागते : तेथे अंगावरील स्थिर विद्युतभार सुटा भाग बिघडवू शकतो. वीज बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा, हा नियम मात्र सर्वत्र सारखा.

एका वेळी एकच बदल

विद्यार्थ्याच्या डिस्कला कंप जाणवत होता. वीज पोचत होती. केबल बदलूनही उपयोग झाला नाही. या टप्प्यावर अनेक जण केबल, पोर्ट, बायोसची मांडणी आणि एसएमपीएस हे सर्व एकदम बदलतात. त्यातून डिस्क दिसू लागली तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवला की सारे नव्याने करावे लागते. प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे : एका वेळी एकच घटक बदलावा आणि निरीक्षण कागदावर लिहावे.

कोणती चाचणी आधी करावी यालाही तर्क आहे. जी चाचणी संशयाचे क्षेत्र अर्धे करते ती आधी. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहणे ही तशी चाचणी आहे. तेथे दिसली तर डिस्क निर्दोष. तेथेही दिसली नाही तर मदरबोर्ड निर्दोष असण्याची शक्यता मोठी. त्याचप्रमाणे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिले की विंडोजच्या ड्रायव्हरचा दोष आणि यंत्राचा दोष वेगळे होतात. शेजाऱ्याच्या संगणकावर विद्यार्थ्याची डिस्क व्यवस्थित उघडली. सर्व हिशेब व टिपणे जागेवर होती. शहाणपणाची गोष्ट त्याने तेथेच केली : पुढचा शोध घेण्याआधी सर्व माहितीची प्रत काढून घेतली.

आता दोष मदरबोर्डवर होता. मदरबोर्डबरोबर येणारी पुस्तिका सहसा खोक्यातच राहते. तिच्यातील एका तळटीपेत उत्तर होते. प्रोसेसर व चिपसेट यांच्याकडे वेगवान वाटा मोजक्याच असतात, म्हणून अनेक मदरबोर्डांवर एम.२ ची एखादी खाच आणि एक-दोन साटा पोर्ट एकच वाट वाटून घेतात. खाचेत एसएसडी बसली की ते पोर्ट आपोआप बंद होतात. विद्यार्थ्याची जुनी डिस्क नेमकी अशाच पोर्टाला जोडलेली होती. केबल पहिल्या क्रमांकाच्या पोर्टात लावताच डिस्क दिसू लागली. काहीही बिघडले नव्हते.

एम.२ बाबत आणखी एक गोंधळ सार्वत्रिक आहे. एम.२ हे केवळ आकाराचे व जोडणीचे नाव आहे. त्या आकारात साटा पद्धतीने बोलणाऱ्या आणि एनव्हीएमई पद्धतीने बोलणाऱ्या अशा दोन्ही एसएसडी मिळतात. एनव्हीएमईचे पहिले प्रमाणपत्रक २०११ मध्ये आले. काही खाचा दोन्ही भाषा जाणतात, काही एकच. चुकीची जोडी बसवली तर एसएसडी खाचेत नीट बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये नाव येत नाही. दुकानात किंमत विचारण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे.

बायोसच्या मांडणीचाही विचार करावा लागतो. मदरबोर्डवरील सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली की मांडणी मूळ स्थितीला जाते. साटा पोर्टांची पद्धत 'एएचसीआय' वरून 'रेड' वर किंवा उलट बदलली तर कालपर्यंत चालणारे विंडोज आज सुरूच होत नाही. घड्याळ मागे गेलेले दिसले तर संशय या बॅटरीवर घ्यावा. ती बदलून पूर्वीची मांडणी परत द्यावी.

दोष कधीकधी कारखान्यातच असतो

प्रत्येक वेळी चूक वापरणाऱ्याचीच असते असे नाही. २००९ च्या जानेवारीत सीगेट कंपनीच्या 'बॅराकुडा ७२००.११' या मालिकेतील काही डिस्क अचानक बायोसमधून नाहीशा होऊ लागल्या. चकत्या, शीर्षे व मोटर ठीक होती. दोष डिस्कच्या आतील कार्यक्रमात होता : तिच्या अंतर्गत नोंदवहीतील नोंदी एका विशिष्ट संख्येवर असताना वीज बंद होऊन पुन्हा सुरू झाली की डिस्क स्वतःतच अडकून पडे आणि मदरबोर्डला उत्तर देत नसे. कंपनीने हे मान्य करून सुधारित कार्यक्रम विनामूल्य दिला. माहिती पूर्णपणे शाबूत, तरी डिस्क अदृश्य, असा हा प्रकार होता. तेव्हा ज्यांनी डिस्क फेकून दिली त्यांनी माहितीही फेकून दिली.

दुसरे उदाहरण मदरबोर्डचे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या '६ मालिका' चिपसेटमध्ये रचनादोष असल्याचे जाहीर केले. त्यातील ३ गिगाबिट वेगाचे साटा पोर्ट कालांतराने क्षीण होत जाण्याचा धोका होता. ६ गिगाबिट वेगाचे दोन पोर्ट मात्र निर्दोष होते. दुरुस्ती व बदली यांचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. ज्यांच्याकडे असे मदरबोर्ड होते त्यांना पोर्ट बदलणे हा तात्पुरता उपाय उपलब्ध होता. पोर्ट बदलून पाहण्याच्या साध्या चाचणीचे मोल यातून कळते.

अंकगणितातून अदृश्य होणारी जागा

कधी डिस्क दिसते, पण अपुरी दिसते. हा भाग परीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. डिस्कवरील जागा पूर्वापार ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजली जाते आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. क्रमांकासाठी २८ बिट असतील तर २ चा २८ वा घात, म्हणजे २६,८४,३५,४५६ तुकडे मोजता येतात. त्यांची एकूण जागा सुमारे १३७ गिगाबाइट होते. २००० च्या दशकाच्या आरंभी याहून मोठ्या डिस्क आल्या तेव्हा जुन्या संगणकांना उरलेली जागा दिसेना. ४८ बिटांचा क्रमांक आल्यावर ती अडचण दूर झाली. पुढे तीच कथा 'एमबीआर' या विभाग-तक्त्याबाबत घडली : त्यात क्रमांकाला ३२ बिट आहेत, म्हणून सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा त्याला हाताळता येत नाही. मोठ्या डिस्कसाठी 'जीपीटी' हा तक्ता वापरावा लागतो.

एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते, यात मात्र कोणतीही लबाडी नाही. विक्रेता एक टेरा म्हणजे दहाचा बारावा घात धरतो. विंडोज १०२४ च्या पटीत भागते आणि नाव तेच ठेवते.

डिस्कची स्वतःची साक्ष

डिस्क पुन्हा दिसू लागली म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. प्रत्येक आधुनिक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' नोंदी म्हणतात आणि विनामूल्य मिळणाऱ्या साधनांनी त्या वाचता येतात. हार्ड डिस्कच्या नोंदींतील चार क्रमांक पाहावेत. पाचव्या क्रमांकाची नोंद निकामी होऊन बदललेले तुकडे सांगते, १९७ वी संशयास्पद तुकडे सांगते, १९८ वी दुरुस्त न झालेले तुकडे सांगते. या तिघी वाढत असतील तर डिस्क बदलण्याची वेळ आली आहे. १९९ वी नोंद मात्र वेगळी : ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या दरम्यान वाटेत बिघडलेल्या माहितीची आहे. फक्त तीच वाढत असेल तर नवी डिस्क घेण्याआधी नवी केबल घ्यावी.

एसएसडीचे आजार निराळे. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती आवाज करत नाही आणि अनेकदा पूर्वसूचनाही देत नाही. शिवाय पुसलेली जागा ती 'ट्रिम' या आज्ञेनंतर आतून रिकामी करून टाकते. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची जी आशा असते ती येथे जवळजवळ नसते. म्हणून एसएसडी वापरणाऱ्याला दुसरी प्रत ठेवण्याची गरज अधिक आहे, कमी नाही.

दुरुस्तीचा हक्क आणि टाकून देण्याची जबाबदारी

वैयक्तिक दिसणाऱ्या या प्रश्नाला सार्वजनिक बाजूही आहे. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू निदानाअभावी टाकून दिली जाते तेव्हा कुटुंबाचा पैसा जातो आणि ई-कचरा वाढतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'ची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी पुस्तिका व सुट्या भागांची माहिती उपलब्ध करून द्यावी, हा त्यामागील विचार आहे. विद्यार्थ्याचा प्रश्न पुस्तिकेतील एका तळटीपेने सुटला, हे पाहता या विचाराचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

डिस्क खरोखरच निकामी झाली असेल तर ती भंगारात देण्याचा प्रश्न उरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे, म्हणून डिस्क नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाईल अशा मार्गाने द्यावी. त्याआधी माहिती पुसावी लागते. झटपट 'फॉरमॅट' केल्याने केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर राहतो. हार्ड डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन करावे लागते आणि एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. जी डिस्क बायोसलाच दिसत नाही तिच्यावर यांपैकी काहीच करता येत नाही. तिच्यातील चकत्यांवर ग्राहकांची नावे, बँकेचे तपशील आणि ओळखपत्रांच्या प्रती तशाच असतात आणि योग्य साधने असलेल्या व्यक्तीला त्या वाचता येऊ शकतात. अशी डिस्क देताना चकत्या भोक पाडून किंवा वाकवून निरुपयोगी कराव्यात; अडीच इंची डिस्कमध्ये त्या अनेकदा काचेच्या असतात आणि फुटून तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा व हातात जाड मोजे घालूनच हे काम करावे.